अंडी फोडण्याआधी

झेनोबियाने मक्याच्या पावाचा शेवटचा तुकडा दोन्ही तळव्यांत चुरला, चुरा परातीत पडू दिला, आणि कोणी बघत नाही ना याची खात्री करून घेऊन ओंजळ नाकाशी धरली. काही नाही. काल तिने तो पाव बिडाच्या तव्यात कडा लाल होईपर्यंत भाजला होता. त्याच्या वासाने शेजारचा कुत्रा कुंपणापाशी येऊन बसला होता. तिला मात्र ओंजळभर वाळू हुंगावी तसं वाटलं.

तिने हात झटकले आणि चुलीकडे वळली. लोण्यात कांदा, सेलरी आणि हिरवी मिरची मऊ होत होती. पूर्वी ती पाठमोरी उभी राहूनही सांगायची, कांदा झाला म्हणून. आता चाळीस वर्षांचा अनुभव सगळा डोळ्यांत गोळा करून ती कढईवर ओणवी झाली होती. कांद्याच्या कडा पारदर्शक झाल्या तशी तिने कढई परातीत उपडी केली, वर म्हातारी कोंबडी शिजवलेलं उकळतं पाणी पळीपळीने ओतलं आणि लाकडी डावाने खालीवर करू लागली.

फेब्रुवारीत तिला ताप आला होता. ताप गेला तो नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू करता करता वसंत गेला, उन्हाळा गेला, कापसाची शेतं वेचून मोकळी झाली, आणि झेनोबियाला अजून कॉफी आणि गरम पाणी यांतला फरक फक्त रंगावरून कळत होता. तिने कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ईस्टरला मूठ थोडी उघडलीच. ती चुलीशेजारी बसून रताळी सोलत असताना घेवड्याचं पातेलं तळापासून करपलं, घरभर धूर झाला, आणि अंगणातून तिची सून टॅमरा धावत आली. टॅमराने चूल बंद केली, खिडक्या उघडल्या आणि सासूकडे बघितलं. त्यानंतर दर फोनला शेवटी एकच विचारणं असायचं.

"आई, या थँक्सगिव्हिंगला ड्रेसिंग मी करू का? तुम्हाला तेवढीच विश्रांती."

विश्रांती! झेनोबियाला या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाला या घरी सगळं गणगोत जमायचं. टेबलावर हॅम दुकानातलं असलं तरी चालायचं, शेवटचं गोड विकतचं असलं तरी कोणी नाक मुरडायचं नाही. पण ड्रेसिंगला, म्हणजे मक्याचा पाव परातीत कालवून ओव्हनमध्ये भाजलेल्या या पदार्थाला, चमचा लावण्याआधी लहानथोर प्रत्येक जण विचारायचा, हे कोणी केलंय? चर्चमधल्या म्हाताऱ्या तर उत्तर मिळेपर्यंत ताटसुद्धा पुढे करायच्या नाहीत. आणि उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं: नोबीने, म्हणजे झेनोबियाने. नोबीच्या हातचं म्हटलं की ताटं पुढे यायची. ज्या बाईच्या हातून ही परात गेली तिला पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची मिळते, मांडीवर पांघरूण मिळतं, आणि मग लोक तिच्याशी जरा मोठ्या आवाजात बोलू लागतात. झेनोबियाचा नवरा ओथा जाऊन तीन वर्षं झाली होती. ही परात होती म्हणून ती अजून या घरातली कर्ती बाई होती, आणि ती परात सोडायची तिची तयारी नव्हती.

आज तिची सगळी भिस्त नणंदेवर होती. हे तिचं तिलाच हसू येण्यासारखं होतं.

आर्लेथा ओथाची थोरली बहीण, रस्त्यापलीकडच्या घरात राहणारी. सासूबाईंनी जाण्यापूर्वी परात पोटच्या पोरीला न देता सुनेला दिली, आणि त्या दिवसापासून आर्लेथाने एक हक्क मात्र सोडला नाही. अंडी फोडण्याआधी चव ती बघणार. या घराचा नियमच तसा होता. सगळं मिसळून झालं की एक चमचा चाखायचा, हवं ते घालायचं, आणि मगच अंडी. अंडी पडली की कच्चं कोणी तोंडात घालायचं नाही. जे आहे ते ओव्हनमध्ये जायचं. आर्लेथाने आजवर एकदाही "बरं झालंय" म्हटलं नव्हतं. सेजचा पाला कमी, मिरी जास्त, कोरडं झालंय, आमच्या आईचं असं नव्हतं. झेनोबिया "हो ताई" म्हणायची आणि ती वळली की काहीएक न घालता अंडी फोडायची. या वर्षी मात्र ती सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसली होती. नणंदेने खोड काढावी म्हणून इतकी आस लागलेली भावजय त्या काऊंटीत दुसरी नसेल.

मागचं दार करकरलं.

"अजून ढवळतेच आहेस? लोक काय नाताळाला जेवायला येणार आहेत?"

"या ताई, बसा. तुमचीच वाट बघत होते."

"माझी?" आर्लेथा काठीवर भार देऊन दाराशी थांबली. "अगं बाई, आज सूर्य नदीच्या पलीकडून, मावळतीला उगवला की काय?"

ती खुर्चीवर टेकली. चर्चची जांभळी टोपी डोक्यावर तशीच होती, आणि स्वयंपाकघर चुलीने तापलेलं असूनही तिने कोट काढला नाही. उन्हाळ्यापासून ती वाळली होती. विचारलं तर म्हणायची, गोड सोडलंय. झेनोबियाने मनात म्हटलं होतं, सोडलं असेल, पण जिभेवरचं तिखट काही सुटलेलं नाही.

पुढच्या खोलीत टॅमरा टेबलं मांडत होती. काट्याचमच्यांचा आवाज येत होता. अंगणात झेनोबियाचा मुलगा डॉर्सी उकळत्या तेलात टर्की सोडत होता आणि भोवतीचे पुरुष त्याला चारी बाजूंनी सल्ले देत होते. झेनोबियाने परातीतलं एक चमचाभर उचललं, खाली तळवा धरला आणि नणंदेपुढे केलं.

आर्लेथाने ते तोंडात घेतलं. डोळे मिटले. बराच वेळ तोंड हलवत राहिली.

"मीठ कमी."

झेनोबियाने चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर घातलं. ढवळलं. पुन्हा चमचा.

"अजून घाल. हात आखडता घेऊ नकोस."

आणखी घातलं. तिसऱ्यांदा चमचा पुढे केला.

"आता बरं आहे," आर्लेथा म्हणाली. मग जरा थांबून, खिडकीकडे बघत, "आणि सेज या वर्षी बेताचं पडलंय. आईच्या हातासारखं."

इतक्या वर्षांत हे शब्द झेनोबियाने ऐकले नव्हते. सासूबाई गेल्या तेव्हा नाही, ओथा गेला तेव्हाही नाही. तिने पाठ फिरवून भराभर अंडी फोडायला घेतली.

"ताई, तुमच्या तोंडून असलं काही ऐकलं, आता मी मरायला मोकळी."

"गप गं. सणाच्या दिवशी मरणाच्या गोष्टी नकोत."

"म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुमची कशी गेली?"

आर्लेथा नुसती हसली. झेनोबियाने सगळी अंडी परातीत मिसळली, मिश्रण सैलसर, चकचकीत झालं. हात धुवायला ती मोरीकडे वळली. खिडकीच्या कट्ट्यावर बशी होती. मागच्या अंगणातल्या झुडपाची सेजची पानं तिने आठवडाभर वाळवली होती आणि काल हाताने चोळून त्या बशीत ठेवली होती. करडा-हिरवा चुरा जसाच्या तसा, शिगोशीग.

नळ वाहत राहिला.

दर वर्षी सेज पडलं की त्याचा वास घरभर व्हायचा. न पडलेलं सेज तिला दुसऱ्या खोलीत कळलं असतं. या वर्षी तिला कळलं नाही. पण तिचं कळणं गेलं होतं. जिचं शाबूत होतं तिने चमच्यामागून चमचा चाखून सांगितलं होतं, बेताचं पडलंय.

झेनोबियाने नळ बंद केला, बशी उचलली आणि नणंदेपुढे ठेवली.

"ताई, सेज कसं आहे म्हणालात?"

आर्लेथाने बशीकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही.

"सांगितलं की."

"पुन्हा सांगा."

पलीकडे टॅमरा कोणाला तरी खुर्च्या आणायला सांगत होती. झेनोबियाने आवाज खाली आणला, पण त्यातला राग काही खाली येईना.

"कीव आली होय माझी? टॅमराने कान भरलेत तुमचे. म्हातारीचं नाक गेलंय, जिभेला चव नाही, गोडगोड बोला आणि आजचा दिवस निभावून न्या. तुम्ही तरी खरं बोलाल वाटलं होतं मला. उभा जन्म तुमची बोलणी खाल्ली, आज एक दिवस मला ती हवी होती, तर आजच तुम्हाला पाझर फुटला!"

आर्लेथा तिच्याकडे बघतच राहिली.

"तुझं नाक गेलंय?"

झेनोबियाने बशी पुन्हा उचलून हातात धरली.

"नोबी, तुला चव लागत नाही?"

"फेब्रुवारीपासून."

आर्लेथाचे खांदे हलू लागले. आधी झेनोबियाला वाटलं ठसका लागला. मग कळलं की ती हसते आहे, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईतो हसते आहे. तिची टोपी कलली. झेनोबियाला अशी चीड आली की बशी तिच्या अंगावर रिकामी करावी.

"हसा. तुम्हाला हसायलाच हवं."

"अगं, तुला नाही गं हसत." आर्लेथाने हातरुमालाने डोळे टिपले. "मला ऑगस्टपासून पाणीसुद्धा गंजका खिळा चघळल्यासारखं लागतं. ड्रेसिंग काय, तू कापूस भिजवून दिला असतास तरी मी मीठ कमी म्हटलं असतं."

"का?"

"औषधांनी."

"कसली औषधं? डोळ्यांची?"

आर्लेथा दर पंधरवड्याला जॅक्सन शहरात जायची. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. तिने कोटाच्या कडा गळ्याशी ओढून घेतल्या.

"डोळ्यांचं काही नाही. डोळे चांगले आहेत."

झेनोबिया समोरच्या खुर्चीवर बसली. दोघींच्या मध्ये परात होती.

"कुठे आहे?" तिने विचारलं.

"पोटात. आता पोटातच म्हणून नाही."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"पोरगेलासा आहे. बोलताना माझ्याकडे बघत नाही, भिंतीवरच्या चित्राकडे बघतो. चित्रात एक होडी आहे." आर्लेथाने टोपी सरळ केली. "ईस्टरपर्यंत बघू, म्हणाला."

झेनोबियाने ॲप्रन पदरासारखं तोंडावर धरलं.

"रडू नकोस. परातीत पडेल. आधीच मीठ किती पडलंय देव जाणे."

"मग कशाला सांगितलंत घालायला?"

"काहीतरी नको का सांगायला? मी खोड काढली नसती तर तुला संशय आला असता."

आता झेनोबियालाही हसू फुटलं आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. ती हुंदका गिळून उठली, परातीकडे बघत उभी राहिली. मक्याचा पाव सगळा संपला होता, मिश्रण वाढवून मीठ मारावं म्हटलं तर घालायला काही उरलं नव्हतं. अंडी पडली होती, तेव्हा चाखायला कोणाला बोलावता येत नव्हतं. आणि बोलवायचं तर टॅमरालाच.

"फेकून देते. सांगते, हातातून परात पडली."

"म्हणजे उद्यापासून तू परात हातात न धरता येणारी बाई. ते बरं आहे का?" आर्लेथा काठीचा आधार घेऊन उठली. "आंधळ्याच्या गाई देव राखतो. आण ते सेज इकडे."

तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाह्या कोपरापर्यंत सारल्या. हात काड्यांसारखे झाले होते आणि कोपराच्या आतल्या बाजूला सुयांचे निळे-काळे डाग होते. झेनोबियाने बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. आर्लेथाने नळाखाली हात धुतले, बशीतला सेजचा चुरा परातीभर भुरभुरवला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मिश्रणात घातले.

लग्न होऊन या घरात आल्यापासून झेनोबियाने तिला या परातीत हात घालताना पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी घालू दिला नव्हता. नंतर झेनोबियाने तरी कुठे घालू दिला होता? आर्लेथा सावकाश मिसळत होती, तळाचं वर, वरचं तळाला, बोटांतून दाबत. शिकवावं लागलं नाही. कडेने हात फिरवून उरलेला कोरडा चुरा तिने आत ओढला तेव्हा तो थेट सासूबाईंचा हात वाटला. झेनोबिया बाजूला सरकली आणि लोणी लावलेला ट्रे तिने पुढे केला.

"आज कोणाला सांगायचं नाही," ट्रे भरताना आर्लेथा म्हणाली. "वर्षातून एकदा येतात लेकरं. जेवून-खाऊन जाऊ देत."

"डॉर्सीला तरी?"

"त्याला रविवारी सांगेन. आज नाही म्हटलं ना."

"बरं, ताई."

ओव्हनचं दार लागलं.

दुपारी सगळे टेबलाभोवती उभे राहिले, हात हातात. डॉर्सीने प्रार्थना म्हटली. जे आहे त्याबद्दल देवाचे आभार, जे इथे नाहीत त्यांची आठवण, त्यात वडिलांचं नाव घेताना त्याचा आवाज जरा अडखळला. झेनोबियाच्या हातात आर्लेथाचा हात होता, थंड आणि हलका. आमेन झालं, खुर्च्या सरकल्या, ताटं फिरू लागली. ट्रेमधल्या ड्रेसिंगवर सोनेरी पापुद्रा धरला होता आणि कडा कुरकुरीत होत्या. दिसायला ते आजवरच्या कुठल्याही वर्षासारखंच होतं. नोबीचं म्हणजे विचारायचं काय, असं म्हणत लोकांनी भरपूर वाढून घेतलं.

पहिला घास गेला. मग बोलणं विरळ झालं. डॉर्सीने पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. कोणीतरी रस्सा मागितला. चर्चमधल्या मिस युलीन घास गालात धरून छताकडे बघत होत्या. टेबलाच्या टोकाला डॉर्सीची धाकटी पोर स्पष्ट म्हणाली, "खारट आहे." तिच्या भावाने तिला कोपर मारलं.

झेनोबियाने एक घास तोंडात घातला. मऊ होतं, गरम होतं. बाकी काही नव्हतं.

टॅमराने काटा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर खवचटपणा नव्हता. असता तर झेनोबियाने निभावून नेला असता. पण तिथे ती नजर होती, ईस्टरच्या दिवशीची, धुरातली.

"आई," टॅमरा हलक्या आवाजात म्हणाली, "ड्रेसिंग तुम्हीच केलंय ना?"

झेनोबियाने काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला. हो म्हणायचं, आणि मग टॅमरा उद्यापासून जे म्हणेल त्यालाही हो म्हणायचं. तिने तोंड उघडलं.

"मी केलंय," आर्लेथा म्हणाली.

सगळ्या माना तिकडे वळल्या.

"काय बघताय? मी केलंय. आईच्या परातीवर माझा काही हक्क आहे की नाही? सकाळी भांडून घेतली हिच्याकडून. ही सांगत होती, ताई, मीठ बघा, मीठ बघा. मी ऐकलं नाही. आता खारट तर खारट. रस्सा घाला आणि खा मुकाट्याने."

मग डॉर्सी खुर्चीत मागे रेलून असा हसला की टेबलावरचे पेले हलले.

"आत्या! जन्मभर माझ्या आईला नावं ठेवलीस, आणि केलंस काय, तर हे?"

"मला वाटलंच," मिस युलीन घास गिळून म्हणाल्या. "नोबीच्या हातून असं व्हायचंच नाही."

सगळं टेबल मोकळं झालं. जो तो आर्लेथाला बोलून घेऊ लागला. कोणी म्हणालं, मेक्सिकोच्या आखातातून पाणी आणलं होतं का? कोणी म्हणालं, मिठाच्या ढेपेसारखं हरणांना चाटायला ठेवू. आर्लेथा प्रत्येकाला उलट टोले देत होती आणि तिच्या गालांवर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. टॅमराही हसत होती. तिने हात लांब करून झेनोबियाच्या मनगटावर ठेवला आणि किंचित दाबला, माफी मागावी तसा.

"एक ठरलं," डॉर्सीने काटा उंचावून जाहीर केलं. "पुढच्या थँक्सगिव्हिंगला आत्याने या स्वयंपाकघराची पायरी चढायची नाही. सगळ्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं!" सगळे एका आवाजात ओरडले.

"ठरलं," आर्लेथा म्हणाली. "नाही चढणार."

पुन्हा हशा उसळला. पोरांनी टेबलावर हात बडवले. त्या गोंधळात झेनोबियाने हात पुढे करून ट्रे आपल्याकडे ओढला आणि ताटात आणखी दोन मोठे डाव वाढून घेतले.

"आई, अहो, राहू दे ना. खारट आहे ते," टॅमरा म्हणाली.

"असू दे," झेनोबिया म्हणाली. "ताईंच्या हातचं आहे."

आणि मान खाली घालून ती जेवत राहिली.